ऐकलेलें दुसऱ्यास ऐकवावें

विदुरानें धृतराष्ट्राला जो नीतीचा उपदेश केला, त्यांत गोड पदार्थ एकट्यानें खाऊं नये, असें एक वचन आहे. स्वयंपाकघरापुरता हा नियम आपल्या कुटुंबांतून अद्याप बराचसा पाळला जातो. आंब्याची पेटी घरीं आली, म्हणजे पहिलें फळ देवापुढें जातें, मग मुलांना मिळतें, चार फळें शेजारीं पोंचतात. आणि पेटी आणणारा शेवटीं उरेल तें घेतो. परंतु जी गोडी कानानें घ्यावयाची, तिच्या बाबतींत हा नियम हल्लीं सुटत चालला आहे. एकाच छपराखालीं पांच माणसें पांच कोपऱ्यांत बसून, कानांत बोंडें अडकवून, पांच निरनिराळीं गाणीं ऐकत असतात. आणि शेजारच्या खोलींतील माणसास आज काय ऐकून सुख झालें, याचा पत्ता इतर चौघांस नसतो.

गाण्यांचा तुटवडा आज मुळींच नाहीं. खिशांतील यंत्रावर बोट ठेवावें, तों शंभर वर्षांचें गायन पुढें उभें राहतें. तुटवडा आहे तो "जरा थांबा, हें एवढें ऐकून जा," असें म्हणणाऱ्या माणसाचा. भांडार जितकें मोठें, तितकी वाटाड्याची गरज अधिक. आणि यंत्र जी शिफारस करतें, तींत आपण मागें काय ऐकलें याचा हिशेब असतो, आपणांस काय ऐकावयास हवें याची कळकळ नसते. ती कळकळ माणसालाच असते. म्हणून आवडलेली तबकडी दुसऱ्यास ऐकविण्याच्या रीतीविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हीं योजिलें आहे. आम्ही गवई नव्हें. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेले केवळ एक श्रोते आहों. त्यामुळें शास्त्रचर्चा जाणत्यांकडे ठेवून श्रोत्यांच्या कर्तव्यापुरतेंच बोलूं.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. एडिसननें बोलकें यंत्र १८७७ सालीं सिद्ध केलें, आणि १८८७ सालीं बर्लिनर यानें सपाट तबकडीची युक्ति काढली. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत गेसबर्ग नांवाचा मुद्रणकार यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान यांचें गायन मुद्रित केलें. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारीत. कारण ठसे जर्मनींतील हॅनोव्हर येथें जावयाचे आणि तबकड्या तेथें निघावयाच्या. गाणारें कोण, हें तेथील कारागिरांस कळावें म्हणून ही योजना होती. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यासच कारखाना निघाला. या तबकड्यांत लाखेचें मिश्रण असे, आणि ती लाख पुष्कळशी आपल्याच देशांतील रानांतून परदेशीं जात असे.

ती तबकडी मिनिटास सुमारें ७८ फेरे घेई, आणि दहा इंची तबकडीची एक बाजू अवघी तीन-सवातीन मिनिटें चाले. जो राग तास-तासभर फुलवावयाचा, तो त्या वेळांत मांडणें म्हणजे महाकाव्याचा आशय एका श्लोकांत सांगण्यासारखेंच होतें. ज्यांना हें साधलें, त्यांच्या त्या तीन मिनिटांत पाल्हाळाचा लवलेशहि आढळत नाहीं. अशा अनेक तबकड्या ठेवण्यासाठीं छायाचित्रांच्या वहीसारखें पुस्तक बांधीत, आणि त्यास 'आल्बम' म्हणत. १९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची लांब पल्ल्याची तबकडी निघाली. तिच्या एकेका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावूं लागलें, आणि पुस्तकाचें नांव त्या एकट्या तबकडीस मिळालें. १९५५ सालीं उस्ताद अली अकबर खां यांनीं न्यूयॉर्क येथें सरोदवादनाची जी तबकडी दिली, ती हिंदुस्थानी रागसंगीताची पहिली लांब तबकडी म्हणून ओळखली जाते. तीत एका बाजूस एक, असे दोन राग आहेत, आणि सुप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांनीं आरंभीं श्रोत्यांस त्या वादनाची ओळख करून दिली आहे. एका थोर कलावंतानें दुसऱ्याविषयीं परक्या समाजास "हें ऐका" म्हणून सांगावें, याहून चांगली शिफारस ती कोणती?

येथें एका गोष्टीचा उल्लेख करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण ती आपल्यासारख्या घरांशींच निगडित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांत मुलीसुनांनीं गाणें शिकणें बहुधा गैर मानीत. ज्या स्त्रिया विद्या म्हणून गायन करीत, त्या बहुतेक कलावंतिणींच्या घराण्यांतील असत. त्यांच्या बैठकींस पुरुष जात. घरांतील बायकांनीं तें गायन ऐकण्याचा प्रश्नच नसे. अशा काळीं भोंग्याचा ग्रामोफोन ओसरीवर आला, आणि जिला उंबऱ्याच्या आंत कोणी पाऊल टाकूं दिलें नसतें, तिचा आवाज माजघरापर्यंत जाऊन पोंचला. तांदूळ निवडतां निवडतां आपल्या आज्या-पणज्या तो आवाज ऐकत. कित्येकींनीं उत्तम ख्याल-ठुमरी ऐकिली ती प्रथम अशी, दाराआडून.

परंतु आपण आवाज आंत घेतला आणि गाणारीला बाहेर ठेविलें, हेंहि विसरतां कामा नये. शाकुंतलाच्या पांचव्या अंकाच्या आरंभीं पडद्याआडून हंसपदिकेचें गाणें ऐकूं येतें. दुष्यंत तें ऐकून व्याकुळ होतो, गाण्याची वाखाणणी करतो आणि विदूषकाकरवीं तिला निरोप पाठवितो. पण ती स्वतः रंगभूमीवर एकदांहि येत नाहीं. गाण्यांतील उपालंभ राजास कळला, हुरहूर कां लागली हेंहि त्यानें जन्मांतरींच्या स्नेहाकडे बोट दाखवून सुंदर रीतीनें सांगितलें. गाणारीच्या वांट्यास मात्र निरोपापलीकडे कांहीं आलें नाहीं. वर्गांत हा अंक शिकवितांना आम्हांस नेहमीं जुन्या तबकड्यांवरील बायांचीं नांवें आठवत. त्यांच्या आवाजानें आपलीं घरें समृद्ध केलीं. तें ऋण फेडावयाचें, तर निदान त्यांचें नांव, गांव आणि तालीम यांसह त्यांचें गाणें मुलांस ऐकवावें. हिराबाई बडोदेकर यांनीं तिकिटें लावून जाहीर बैठकी केल्या, सभ्य स्त्रीपुरुषांसमोर मानानें गायन केलें, आणि त्यामुळें मध्यम वर्गांतील मुलींना गाण्याची वाट मोकळी झाली. आज आपल्या घरांतील मुलगी तंबोरा घेऊन निःशंकपणें बसते, त्यामागें हिराबाईंसारख्या स्त्रियांचे कष्ट आहेत, हें तिला कोणीतरी सांगितलेंच पाहिजे.

एक तबकडी ऐकण्यानें काय घडूं शकतें, याचीं दोन उदाहरणें देतों.

पहिलें आपल्या जवळचें आहे. खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें वास्तव्य पुष्कळ वर्षें मिरजेस होतें. ते १९३७ सालीं वारले. त्यांची तबकडी गदगच्या एका मुलाच्या कानीं पडली, आणि असें गातां आलें पाहिजे, या एकाच ध्यासानें तो लहान वयांत घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघाला. उत्तरेंत पुष्कळ भटकून तो अखेर परत आला, आणि ज्यांच्या आवाजानें त्याला घराबाहेर काढलें, त्यांच्याच शिष्यापाशीं, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपाशीं, त्यास तालीम मिळाली. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनीं १९५३ सालीं पुण्यास जो संगीतोत्सव सुरू केला, त्याची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे.

दुसरें उदाहरण पृथ्वीच्या बाहेरचें आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें दूरच्या ग्रहांकडे सोडलीं. अन्यत्र कोठें बुद्धिमान् प्राणी असतील, तर त्यांस मानवजातीची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविली. तींत सर्व जगांतील मिळून सुमारें ९० मिनिटांचें संगीत घालावयाचें होतें. हिंदुस्थानचें काय घ्यावें, असा प्रश्न आला, तेव्हां रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकानें केसरबाई केरकर यांच्या भैरवीची निःसंदिग्ध शिफारस केली. ती तबकडी मिळविण्यास निवड करणाऱ्या मंडळींस न्यूयॉर्कांत बरेच हिंडावें लागलें. शेवटीं एका हिंदी कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालच्या खोक्यांत ती सांपडली. गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं, कलावंत समाजांत जन्मलेल्या, अल्लादिया खांसाहेबांच्या कठोर तालमींत तयार झालेल्या या मानी गायिकेचें साडेतीन मिनिटांचें गाणें अशा रीतीनें आकाशांत गेलें. दुसरें यान ५ सप्टेंबरास सुटलें, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेस केसरबाई निवर्तल्या. २०१२ सालीं त्या यानानें सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडली. जिला एके काळीं आपल्या घरांचा उंबरा ओलांडणें कठीण गेलें असतें, तिच्या आवाजानें कोणती सीमा ओलांडली, तें पाहा! आणि हें घडलें तें एका श्रोत्यानें "हीच घ्या" असें ठासून सांगितल्यामुळें.

असो. आतां आपल्या घराकडे वळूं. आमच्या एकत्र कुटुंबांत रविवारीं सायंकाळीं दिवेलागणीनंतर तासभर श्रवणाची बैठक होत असते. तिचे नियम थोडे व सोपे आहेत. प्रत्येकानें पाळीपाळीनें एकच वस्तु आणावयाची. ऐकविण्यापूर्वीं कोण गातें, केव्हांचें आहे, आणि मला तें कां आवडलें, एवढें दोन-तीन वाक्यांत सांगावयाचें. गाणें चाललें असतां कोणीं बोलावयाचें नाहीं, आणि मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावयाचा. गाणें संपल्यावर न आवडल्यास तसें म्हणावें. परंतु "आमच्या वेळीं असें नव्हतें," हें वाक्य वडिलांना, आणि "हें फार जुनाट," हें वाक्य मुलांना वर्ज्य आहे. जुनें तेवढें सोनें नव्हे आणि नवें म्हणून टाकाऊ नव्हे, पारखी लोक तपासून मगच पत्करतात, असें कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत बजावलें आहे; आणि तें म्हणतांना तो स्वतःच नवा होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, कीं पाळी लहानथोर, मुलगी-सून, सर्वांस सारखी. स्वयंपाकाच्या निमित्तानें कोणाची पाळी चुकूं द्यावयाची नाहीं; त्या दिवशीं रात्रीं खिचडी होते.

या नियमाचा लाभ आम्हांस लवकरच दिसून आला. आमच्या धाकट्या सूनबाई स्वभावानें अबोल. त्यांच्या पाळीच्या दिवशीं त्यांनीं कुमार गंधर्वांचें एक निर्गुणी भजन लाविलें. कारण विचारतां म्हणाल्या, "माझे बाबा पहाटे अंगणांत पाणी भरतांना हें म्हणत. ते गेल्यापासून मी हें कोणासमोर ऐकलें नव्हतें." खोलींत कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्या थोरल्या वहिनी, वय वर्षें ऐशीं, उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या व म्हणाल्या, "पुन्हां एकदां लाव हो, माझ्यासाठीं." बारा वर्षें एका घरांत राहून जें बोलणें झालें नव्हतें, तें त्या एका भजनानें झालें. आवडीचें गाणें पुढें ठेवणें म्हणजे आपल्या अंतःकरणाचा एक कप्पा उघडून दाखविणें आहे. म्हणून समोरच्यानें तें जपून ऐकावयाचें असतें. आपल्या साहित्यशास्त्रांत अशा ऐकणाऱ्यास 'सहृदय' म्हणतात. सहृदय जन्मास येतो कीं नाहीं कोण जाणे. घरांत तो घडवितां मात्र येतो.

सध्यां आमच्या घरीं काय वाजत आहे, तें सांगून हें प्रकरण पुरें करूं. वाचकांनीं तें आपल्या घरीं ऐकून पाहावें.

आमची स्वतःची निवड, अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी. तिचा स्वर इतका नाजूक व करुण लागतो, कीं शब्द न समजणाऱ्या मुलानेंहि खेळ थांबवावा. वहिनींची निवड केसरबाईंची भैरवी. वर सांगितलेली हकीकत मुलांस आधीं सांगून मग ती लावावी, म्हणजे आकाशाकडे पाहण्याची दृष्टि बदलते. आमच्या मुलानें किशोरी आमोणकर यांची लांब तबकडी आणिली; एका बाजूस बागेश्री आणि दुसऱ्या बाजूस भूप. भूपांत स्वर पांचच, परंतु त्या पांचांचें जें विशाल मंदिर किशोरीताईंनीं उभारलें आहे, त्यांत शिरल्यावर बाहेर येण्याची घाई होत नाहीं. त्यांच्या मातोश्री व गुरु मोगूबाई कुर्डीकर. तेव्हां आईची एखादी जुनी तीन मिनिटांची तबकडी आधीं ऐकून मग लेकीचा भूप ऐकावा, म्हणजे एकच विद्या दोन पिढ्यांत कशी रूप पालटते, हें कानांनींच कळतें.

पुतण्यानें 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ सालची तबकडी लाविली. काश्मिरांतील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत शिवकुमार शर्मा यांच्या संतुरानें, हरिप्रसाद चौरसिया यांच्या बांसरीनें व ब्रिजभूषण काबरा यांच्या गिटारीनें रंगविला आहे. रागदारीची ओळख नसलेल्या पाहुण्यास प्रथम हीच ऐकवावी. वाट सोपी आहे आणि मुक्काम चांगला आहे.

नातीची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. 'कट्यार काळजांत घुसली' हा २०१५ सालचा चित्रपट पाहून तिला त्यांतील गाण्यांचा नाद लागला. पाळीच्या दिवशीं तिनें तींच लाविलीं. आम्हीं त्याविषयीं कांहीं न बोलतां पुढच्या रविवारीं १९६७ सालच्या मूळ नाटकांतील वसंतराव देशपांडे यांचें गायन ऐकविलें. त्यास संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें. ती शांतपणें ऐकत राहिली व म्हणाली, "आजोबा, यांचा आवाज कोठें जाईल, तें आधीं कळतच नाहीं." वसंतरावांच्या गायकीचें याहून नेमकें वर्णन आम्हांस करतां आलें नसतें. आतां ती स्वतःच मागें मागें शोधीत चालली आहे. नव्यापासून जुन्याकडे मुलें आपल्या पायांनीं जातात. वडिलांनीं फक्त दार उघडें ठेवावयाचें.

सरतेशेवटीं एक विनंति आहे. पुष्कळ घरांच्या माळ्यावर वडिलोपार्जित तबकड्यांचा गठ्ठा धूळ खात पडलेला असतो, आणि घर बदलतांना तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. त्यांत एखादी अशी असूं शकेल, कीं जिची दुसरी प्रत सहजासहजीं मिळावयाची नाहीं. तेव्हां टाकण्यापूर्वीं प्रत्येक तबकडीवरील नांव वाचावें. लाखेची तबकडी पडली कीं फुटते, उन्हानें वांकते आणि मद्यार्कानें विरघळते. म्हणून ती स्पिरिटनें कधीं पुसूं नये, मऊ कोरड्या कापडानें धूळ काढावी आणि आडव्या चळती न रचतां पुस्तकांप्रमाणें उभी ठेवावी. चावीच्या यंत्रावर लावावयाची असल्यास पोलादी सुई दर बाजूस बदलावी. जुनी सुई खांच खरवडते. १९९० सालीं मुंबईस 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था अशाच संग्राहकांनीं स्थापन केली, एकत्र जमून एकमेकांस तबकड्या ऐकविल्या, आणि त्यांची माहिती छापून प्रसिद्ध केली. ज्यांना घरीं संग्रह सांभाळणें शक्य नाहीं, त्यांनीं तो अशा जाणत्या माणसाच्या हातीं द्यावा. परंतु देण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकदां एकत्र बसून तो ऐकावा आणि कोणती तबकडी कोणी, केव्हां, कशासाठीं आणिली होती, हें ज्या वृद्धांना आठवत असेल त्यांच्याकडून लिहून घ्यावें. तबकडी दुसरीकडे मिळूं शकेल, ती आठवण मिळणार नाहीं.

येत्या रविवारीं, वाचकहो, एवढेंच करून पाहा. घरांतील जें माणूस सर्वांत कमी बोलतें, त्याला विचारा, "आज तुमच्या आवडीचें एक ऐकवा ना." मग बाकीच्यांनीं गप्प बसावें.